पंपावरचं ओलं फडकं

आईची वाचा गेली त्याला आता दीड वर्ष होईल. उरणच्या रस्त्यावर गेली, आमच्या जुन्या गाडीत. ती गाडी तेव्हा का बंद पडली हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी बाबांची. कार्बोरेटरवाली, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बाबा तळोज्याला कारखान्यात फिटर होते, त्यामुळे तिचा डॉक्टर घरातच. उन्हाळ्यात घाट चढताना तिचा पेट्रोल पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिनला पेट्रोल मिळेनासं व्हायचं. मग बाबा बॉनेट उघडणार, पंपावर ओलं फडकं गुंडाळणार, दहा मिनिटं थांबणार, की गाडी सुरू. फडकं आणि पाण्याची बाटली कायम डिकीत. हा उपाय तेव्हा खरंच चालायचा हो, आणि तिथेच आमचा घात झाला.

मागच्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात ती पुन्हा बंद पडायला लागली. घराजवळ, कळंबोलीतल्या कळंबोलीत फिरवली तर काही नाही. जरा लांब गेलं की झटके, ॲक्सिलरेटर दाबावा तर आणखी मरगळ, आणि बंद. फडकं, दहा मिनिटं, सुरू. आम्ही फिल्टर बदलला. कार्बोरेटर उतरवून जेट फुंकून साफ केले, फ्लोटची वाटी धुतली, पंपाचा पडदाही नवा टाकला. मिस्त्री म्हणाला, "आजकालचं पेट्रोलच तसलं आहे, काका. जुन्या गाड्यांना नाही झेपत." झालं, मिटलं! डिसेंबरातल्या गार सकाळी पंप तापेलच कसा, हे आम्हा दोन शहाण्यांपैकी एकानेही विचारलं नाही. फडक्याने गाडी सुरू होत होती ना, मग कशाला डोकं चालवायचं.

जानेवारीत एका रविवारी उरणजवळच्या मावशीकडून परत येत होतो. गाडी मी चालवत होतो, बाबा शेजारी, आई मागे. मावशीच्या सुनेने मटणात मीठ कसं जास्त टाकलं, यावर आईचं चालू होतं. बोलता बोलता तिचे शब्द लोळायला लागले. बाबांनी वळून पाहिलं. तिचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

"हॉस्पिटल! दाब गाडी," बाबा ओरडले.

मी दाबली, आणि दोन-तीन किलोमीटरांत ती झटके खाऊन कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेशेजारी उभी राहिली. मी रुग्णवाहिकेला फोन लावत होतो. बाबा म्हणाले, "ती येईपर्यंत आपण पोचू. दहा मिनिटांची तर गोष्ट आहे. फडकं ओलं कर." मी केलं. चाळीस वर्षांचा घोडा मी, बापापुढे तोंड उघडलं नाही. दहा मिनिटं आम्ही बॉनेटपाशी उभे, आणि आई मागच्या सीटवर आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून बघत होती. गाडी सुरू झाली. जेमतेम तीन किलोमीटर गेली आणि पुन्हा मेली. आणि आम्ही काय केलं? पुन्हा फडकं ओलं केलं!

शेवटी मासळीचा एक टेम्पो थांबला. पुढे बसलेली कोळीण खाली उतरली, मागच्या काचेतून तिने आत पाहिलं आणि आमच्यावर खेकसली, "आदी बाईला बगा! गारी काय, हाय तितंच र्‍हाईल." त्या टेम्पोतून आईला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले की मेंदूत गुठळी आहे, जीव वाचेल. आणि लवकर आणलं असतं तर बोलणं बरंचसं वाचलं असतं. पाऊण तास आम्ही पंप थंड करण्यात घालवला होता.

आठवड्याने मिस्त्रीला घेऊन मी गाडी आणायला गेलो. त्याने पेट्रोल टाकीचं झाकण फिरवलं, तर हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला. त्याने झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. "साहेब, हे भोक कोणी बुजवलं? टाकीत हवाच जात नाही, तर पेट्रोल पुढे सरकणार कसं? तेलाचा डबा एकाच भोकाने ओतून बघा." गाडी उभी राहिली की कुठून तरी थोडी थोडी हवा आत झिरपायची, म्हणून ती सुरू व्हायची. फडक्याचा संबंधच नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

भोक मी बुजवलं होतं. दिवाळीत आईने तक्रार केली, गाडीत पेट्रोलचा वास येतो, डोकं उठतं. पुढे ती हेही म्हणाली, "मिस्त्रीला दाखव. तू हात घालू नकोस." मी हसलो. वास टाकीच्या झाकणाच्या भोकातून येत होता, एवढ्याशा भोकाला मिस्त्री कशाला? नळाच्या गळतीला लावतात तो मसाला बोटाने मळला आणि दाबून बसवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे मी वर्षभर कोणाला सांगितलं नाही. बाबांनी गाडी भंगारात दिली. 'दहा मिनिटं' हे त्यांचेच शब्द, ते त्यांच्या मनातून जाईनात. आईला घास भरवताना रोज म्हणायचे, "चुकलो गं मी." स्वतः अर्धी पोळी खाऊन उठायचे. वाळून कोळ झाले. एका दुपारी जेवताना त्यांनी आईच्या त्या निर्जीव हातावर कपाळ टेकलं आणि पोरासारखे रडायला लागले. मला बघवेना.

मी म्हणालो, "बाबा, तुमची चूक नाही. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं होतं."

"कोणी बुजवलं?"

"मी." एवढ्यावर थांबायचं होतं. पण त्यांची ती नजर बघून माझी पाचावर धारण बसली. "आईला वास सहन होत नव्हता ना. तीच म्हणाली, बंद कर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "हो गं? तू सांगितलंस?"

आईला सगळं कळतं. नको असेल तर ती मान हलवून साफ नाही म्हणते, औषधाला तर रोजच म्हणते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने होकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून बाबा पोटभर जेवतात. तब्येत सुधारली आहे, खाली कट्ट्यावरही जाऊन बसतात. आईला अजून तेच भरवतात, पण घास तोंडात देताना आता म्हणतात, "तुझीच करणी आहे ही. तुलाच वास येत होता ना? भोग आता." ती तोंड उघडते, घास घेते. मी समोरच बसलेला असतो, खाली मान घालून जेवत असतो.