पाच संगणक, एक कुकी

विद्याचा राजीनामा टेबलावर ठेवलेला होता. तो तिनेच टाइप केला होता, कारण त्या ऑफिसात टायपिंग करणारी ती एकटीच होती. सही तेवढी राहिली होती.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील ही एक फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षे. तेथील संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. मालकांना सर्वजण अण्णा म्हणत. त्यांनी मला सकाळी तातडीने बोलावून घेतले, तेव्हा गेटवर कामगारांचा घोळका उभा होता. कर्नाटकातील नव्या शाखेत कोणाला पाठवायचे याची यादी अण्णांच्या ईमेलमध्ये होती. जाहीर होण्यापूर्वीच ती कामगारांच्या तोंडी होती.

“पासवर्ड दोघांनाच म्हाईत. मला आन् हिला,” अण्णा म्हणाले. “मी सांगितला न्हाय. मग काय भूत आलतं व्हय? पाचपर्यंत शोधा. न्हायतर ही सही करणार.”

विद्या चंदगडची. कोल्हापुरात खोली घेऊन राहत असे. सर्व फौंड्रीवाले एकमेकांना ओळखतात. पत्रे फोडल्याचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला शिरोलीत दुसरी नोकरी मिळाली नसती.

मी तिला विचारले, “पासवर्ड कुठे लिहून ठेवला होतास?”

“कुठंच न्हाय, सर.”

“आठवून सांग.”

“लिहिला असंल तर आठवंल की.”

ते उत्तर मला उद्धट वाटले.

अण्णांच्या संगणकात काही सापडले नाही. मग मी डिस्पॅचच्या खोलीत गेलो. तेथील संगणक मगदूम नावाचे जुने क्लार्क वापरत. मी ब्राउझर उघडून ईमेलच्या साइटचा पत्ता टाइप केला. नाव आणि पासवर्ड विचारणारे पान येईल, अशी माझी अपेक्षा होती. समोर आला तो थेट अण्णांचा इनबॉक्स.

मी पासवर्डचे एक अक्षरही टाइप केले नव्हते. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा तेच.

“मगदूम, हे असे केव्हापासून उघडते?”

“दसऱ्यापास्नं. पोराची मेल बघाय गेलतो, तर सायबांचीच पत्रं! आमाला वाटलं, नव्या कॉम्प्युटरसंगं सगळ्यांसाठीच ठेवल्यात.”

“आणि ती यादी तुम्ही वाचलीत?”

“वरनं तिसरं नाव माझं हाय, सायब. वाचू नको तर काय आरती करू?”

येथे कुकी म्हणजे काय ते सांगणे आवश्यक आहे. फौंड्रीच्या गेटवर नवख्या माणसाची चौकशी होते आणि त्याला पास मिळतो. पुढच्या वेळी वॉचमन चेहरा पाहत नाही, पास पाहतो. वेबसाइटचेही तसेच असते. पासवर्ड एकदा बरोबर दिला आणि ‘रिमेंबर मी’वर खूण केली, की साइट एक पास देते. ब्राउझर तो लहानशा फाइलच्या रूपाने संगणकावरच जपून ठेवतो. ती कुकी. पुढच्या वेळी ब्राउझर परस्पर पास दाखवतो आणि दार उघडते. खुर्चीत कोण बसले आहे, हे कोणी विचारत नाही.

प्रश्न एवढाच होता, की अण्णांचा पास मगदुमांच्या संगणकात आला कसा? विद्याने तेथे बसून मेल उघडली असेल, असा संशय मला पुन्हा आला.

म्हणून मी स्टोअर्सचा संगणक पाहिला. त्यावर कोणी इंटरनेट कधीच उघडले नव्हते. तरीही कुकीज नावाच्या फोल्डरमध्ये तीच फाइल होती. मी तिची तारीख पाहिली. ती गणपतीतील होती. संगणक आला होता नवरात्रात. यंत्र आवारात येण्याच्या आधीच त्यात अण्णांचा पास तयार होता.

मी बराच वेळ त्या तारखेकडे पाहत बसलो. मग मला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला फौंड्रीत यंत्रांची पूजा होते. पाच नवे संगणक आदल्या दिवशी आले होते आणि पूजेच्या वेळी सर्व पडदे सुरू दिसले पाहिजेत, असा अण्णांचा हट्ट होता. प्रत्येकात सगळे प्रोग्राम वेगवेगळे घालण्यास वेळ नव्हता. मी अण्णांच्या संगणकाची हार्ड डिस्क पाचही यंत्रांत जशीच्या तशी उतरवली. याला क्लोन म्हणतात. प्रोग्राम उतरले, मराठी फॉन्ट उतरले आणि अण्णांचा पासही उतरला. दुसऱ्या दिवशी त्या पाचही यंत्रांना हार घातले गेले. पहिला पेढा मला मिळाला होता.

मी केबिनमध्ये परत गेलो. विद्या तेथेच उभी होती.

“अण्णा, पासवर्ड फुटलेला नाही. चूक माझी आहे.” मी सर्व सांगितले.

“म्हंजे माझं कपाट तुम्हीच पाच ठिकाणी उघडं टाकलासा?”

“होय.”

अण्णांनी राजीनाम्याचा कागद उचलून विद्यापुढे धरला. “फाडून टाक, पोरी.”

तिने तो घेतला. फाडला नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, तुम्ही आधी मला विचारलासा. कॉम्प्युटरला मागनं.”

मी पाचही यंत्रांतील कुकी पुसल्या आणि अण्णांना पासवर्ड बदलण्यास सांगितले. विद्या पुढे अनेक वर्षे तेथेच होती. माझ्याशी ती कामापुरतेच बोलत असे.

त्यानंतर मी माझ्या कामाच्या वहीत दोन नियम लिहिले. क्लोन करण्यापूर्वी कुकी पुसाव्यात. आणि बिघाड शोधताना, यंत्राला शेवटचा हात कोणत्या इंजिनिअरने लावला, ते प्रथम पाहावे. बहुतेक वेळा तो मीच निघालो.