सिस्टरांची लाल वाट

सिस्टर आधी मारायच्या आणि मग बोलायच्या. बंद पडलेल्या बॉयलरला लाथ, अडकलेल्या दाराला खांदा, पाहुण्यांच्या फुगलेल्या बॅगेवर गुडघा. लंडनच्या हाउन्सलोतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी आणि माझ्या नवऱ्याने भाड्याने घेतला होता. त्या मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलात अपघात विभागात नर्स. दिवाणखान्यात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्याखाली ड्यूटीवरून येऊन पाय पसरून बसलेल्या या. ओळखीतले सगळे मराठी लोक त्यांना नुसतं सिस्टर म्हणायचे आणि चळचळा कापायचे.

भारतातून परतताना त्या हीथ्रोवर कधी हिरव्या वाटेने बाहेर पडल्या नाहीत. ती वाट सामानात सांगण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांची. सिस्टर लाल वाटेने जायच्या. तिथे बहुधा कोणी नसतं, फोन उचलून कस्टम्सच्या ऑफिसरला बोलवावं लागतं. त्या फोन करून ताटकळत उभ्या राहायच्या आणि आलेल्या माणसाला सांडगेसुद्धा उघडून दाखवायच्या. "इथे आपला मामा बसलेला नाही," त्या म्हणायच्या. "आपल्याकडे फक्त रूल आहे. जे आहे ते डिक्लेअर करायचं, मग कोणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही."

आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझ्या बॅगेतून आईने दिलेली तुपाची बरणी निघाली. भारतातून दूधदुभतं आणि मटण इथे आणता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं, नवऱ्याला होतं.

"डिक्लेअर केलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"कोण बघतंय, सिस्टर," तो हसला.

त्यांनी बरणी उचलली आणि मागच्या भिंतीवर अशी आपटली की शेजारचं कुत्रं विव्हळत आत पळालं. काचा गोळा करताना माझं बोट कापलं. ते त्यांनीच धुतलं, हळुवारपणे पट्टी बांधली. मला मात्र त्यांचा इतका संताप आला होता की मी मान वर करून बघितलंही नाही.

वर गेल्यावर नवरा म्हणाला की माझ्यामुळे त्याचा अपमान झाला, आणि त्याने माझ्या कानाखाली मारली. ती पहिली. मग पट्टा, मग बूट, मग दाराच्या फटीत माझी बोटं. त्याला नोकरीचा व्हिसा होता आणि मी त्याची डिपेन्डन्ट, त्याच्याच व्हिसावर आलेली. "व्हिसावाल्यांना एक ईमेल टाकला की तू पहिल्या फ्लाइटने घरी," हे तो जेवता जेवता सांगायचा. मी फिजिओथेरपिस्ट, इथलं रजिस्ट्रेशन करत होते. मला इथे राहायचं होतं, आणि जिवंत राहायचं होतं.

हॉस्पिटलात बोटं दाखवायला गेले ती नेमकी सिस्टरांच्या ड्यूटीत. जिन्यावरून पडले, मी म्हटलं. त्यांनी माझी बाही वर सारली आणि दंडावरचे वळ बघितले.

"माझ्या जिन्याला पट्टा कधीपासून आला?" त्या म्हणाल्या. "तू रोज ग्रीन चॅनलने जातेस, पोरी. बॅगेत बॉम्ब घेऊन."

"सांगितलं तर मला परत पाठवतील."

"कोण म्हणालं? बोटं चेंगरणारा? मार खाऊन नवरा सोडणाऱ्या डिपेन्डन्टला इथे राहायची वेगळी परमिशन मागता येते. पण तोंड उघडावं लागतं."

मी तोंड उघडलं नाही. एका रविवारी दुपारी त्याने माझा पुढचा दात पाडला आणि केसांना धरून जिन्यावरून खाली ओढलं. सिस्टर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात खलबत्त्याचा बत्ता होता, त्याला लसूण चिकटलेला. त्यांना बघताच त्याने माझे केस सोडले. "आमचं नवराबायकोचं आहे, सिस्टर," असं म्हणून तो चक्क हसला. त्यांनी त्याचा उजवा हात कठड्यावर दाबला आणि मनगटावर बत्ता घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो ओरडत खाली बसला. मग सिस्टर त्याच्याशेजारी बसल्या, लाकडी डाव आणि ओढणी घेऊन त्याचा हात नीट बांधला, आणि स्वतःच पोलिसांना फोन लावला.

मी दात मुठीत धरून बसले होते. "मी सांगते," मी म्हटलं, "तो मारतच होता, तुम्ही मला सोडवत होतात."

त्यांनी माझ्यावर हात उगारला. "खबरदार. त्याने तुला सोडलं होतं. तू एक खोटं बोललीस की त्याचा वकील तुझं सगळं खोटं ठरवेल, आणि मग खरंच विमानात बसशील. माझं मी सांगते, तू तुझं सांग."

पोलीस आले तेव्हा त्या उभ्या राहिल्या. "येस, आय हिट हिम. ही हॅड स्टॉप्ड बाय देन. राइट इट डाउन." मग मी बोलले. पट्टा, बूट, बोटं, सगळं.

त्याला शिक्षा झाली. मला आधी थोड्या मुदतीची परवानगी मिळाली, पुढे लीड्समध्ये नोकरी आणि माझ्या एकटीच्या नावाचा व्हिसा. सिस्टरांनाही शिक्षा झाली. तुरुंग टळला, पण नर्सिंगच्या रजिस्टरमधून नाव गेलं. मी रडत फोन केला तर म्हणाल्या, "अगं, त्याचं मनगट फर्स्ट क्लास जुळलं असणार. बांधलं कोणी होतं?" मला हसता आलं नाही. ज्या हातांनी त्यांनी आयुष्यभर माणसं सांधली त्यांना माझ्यापायी घरी बसावं लागलं, हे मला अजून सोसत नाही.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. त्यानंतर मी आईला इकडे घेऊन आले. हीथ्रोवर बेल्टजवळ तिने हळूच सांगितलं की बॅगेत घरचं तूप आहे. "चल गं, कोण बघतंय," म्हणत ती हिरव्या वाटेला लागली. मी तिचा दंड धरून तिला वळवलं, लाल वाटेवरचा फोन उचलला आणि थांबले. बऱ्याच वेळाने एक ऑफिसर आला. मी बरणी त्याच्या हातात दिली. आई रडवेली झाली.

आणखी काही सांगायचंय का, त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. या वेळी ते खरं होतं.