चाळणीत अडकलेला दाणा

माझी मावशी शेंगदाण्याच्या गोदामात सरकत्या पट्ट्यावर दाणे निवडायची. माल परदेशी जायचा, आणि मावशीच्या चौकशा त्याच्या मागोमाग. हा दाणा कोण खातं, कशात घालून खातं, महाग झाला तर काय करतं? गोदामात सगळे तिला 'चौकशीखातं' म्हणत. तिला राग तर यायचा नाहीच, उलट ती खुलायची.

एका वर्षी पीक कमी आलं नि भाव चढले. पक्ष्यांचं खाद्य बनवणाऱ्या गिऱ्हाइकाने लगेच पाठ फिरवली. पक्ष्यांना काय, सूर्यफुलाच्या बियाही चालतात. मालक दुसरा पट्टा बंद करायची भाषा करू लागला. त्या पट्ट्यावर मावशीची सून बसायची. मावशीला सुनेच्या कामाची काळजी लागली. पण तिला कोडंही पडलं, की दुसरं मोठं गिऱ्हाईक, तो चॉकलेटवाला कारखाना, मात्र एवढ्या भावात माल उचलतोच कसा?

कारखान्याचा दलाल नमुना बघायला आला, तेव्हा तिने त्याला गाठलंच.

"भाऊ, परवडतं का हो तुमच्या साहेबांना?"

"परवडतंय कुठलं, मावशी! पण त्यांच्या यंत्राच्या चाळण्या तुमच्याच दाण्याच्या मापाच्या. दुसरा दाणा घातला की अडकतो. अडला हरी, दुसरं काय!"

मावशी तडक मालकाकडे गेली. "पट्टा कशाला बंद करता? चॉकलेटवाले कुठे जात नाहीत." मालकाने पट्टा चालू ठेवला आणि भाव आणखी चढवला. कारखान्याने तोही मुकाट दिला. मावशी सुनेपुढे भलतीच मिरवली.

पुढच्या हंगामात पीक उदंड आलं, भाव उतरले, तरी कारखान्याची मागणी येईना. शेवटी दलालच आला. त्याने खिशातून मूठभर दाणे काढून मावशीच्या हातावर ठेवले. परक्या देशाचे, जरा लांबट.

"तो भाव किती दिवस देणार, मावशी? त्यांनी चाळण्याच बदलल्या."

"अहो, पण आता आमचा स्वस्त झालाय की!"

"आता तुमचा अडकतो."

समोर सुनेचे हात थांबले. मावशीला फार लागलं, सुनेकडे बघवेना. तरी तिने एक दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला. "गोड आहे," ती म्हणाली. "तिकडे हे निवडायला कोण बसतं हो?"

"बायकाच असतील."

"त्यांना निरोप द्या," मावशी म्हणाली. "म्हणावं, गिऱ्हाईक अडलंय हे कळलं, तरी मालकाला सांगायला जाऊ नका."