शनिवारचं नवं व्रत

आम्ही न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला घर घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना मुलाशी काहीतरी बोलायचं आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या म्हणायच्या, "अरे, जरा बस ना." हा म्हणायचा, "पाच मिनिटं, आई," आणि लॅपटॉप उघडायचा. त्या मुकाट्याने मटार सोलत बसायच्या. बघता बघता परतीची तारीख अगदी जवळ आली आणि माझं डोकं फिरलं. नवऱ्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, तो उपाय मी लग्नापासून करत होते.

तोडगा शेजारणीकडे सापडला. ती सत्तरीची ज्यू बाई, एकटीच राहायची. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मेणबत्त्या लावायची, तेव्हापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत स्वयंपाक नाही, गाडी नाही, फोन नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबणार नाही. हजारो वर्षांची रीत. सहा दिवस जग दुरुस्त करत बसा, सातव्या दिवशी ते आहे तसं राहू द्या आणि आपल्या माणसांत बसा, असं तिने मला एकदा समजावलं होतं. त्या दिवशी नोकरालाही सुट्टी आणि बैलालाही.

हे ऐकून सासूबाई उडाल्याच. "बैलाला दर आठवड्याला? आपल्याकडे निदान पोळा तरी असतो. माझ्या पोराला तोही नाही!"

मी शेजारणीला विचारायला गेले की हे आम्ही एक दिवस पाळलं तर चालेल का. ती मिश्कील हसली. म्हणाली, "हे सगळं पाळायचं ओझं आमच्यावर आहे, तुमच्यावर नाही. हौसच असेल तर पाळा, पण एक नियम मुद्दाम मोडा; पुरतं पाळायचं ते आम्हीच."

मला धास्ती होती ती शुक्रवारचं शनिवारी खायची. सासूबाई फ्रिजमधल्या भाजीचाही वास घेऊन बघतात. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "शिळासप्तमीला आपण कुठे चूल पेटवतो? दशम्या करून ठेवते." मोडायचा नियमही त्यांनीच ठरवला. चहा ताजाच होणार.

नवऱ्याला मी सांगितलं, "आईंनी व्रत धरलंय. घरातल्या कुणीही काम केलं तर मोडतं. फक्त एक नियम मोडायची मुभा आहे." थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सासूबाईंनी इतका भाविक चेहरा केला की मलाच हसू आवरेना. त्याचा फोन त्यांनी स्वतः तांदळाच्या डब्यात घातला.

शनिवारी सकाळी नवरा घरभर नुसता येरझाऱ्या घालत होता. फ्रिज उघडायचा, बंद करायचा. खिडकीतून लॉनकडे बघून म्हणाला, "मोअर तरी फिरवतो, गवत ढीगभर वाढलंय." सासूबाईंनी नुसती मान हलवली. तेवढ्यात तांदळात फोन वाजला.

"एक नियम मोडायची परवानगी आहे ना?" तो उठलाच.

"तो चहात गेला," सासूबाई म्हणाल्या.

फोन वाजून वाजून थांबला. तो चरफडत सोफ्यावर बसला. मी पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान तिकडेच होते. मला वाटलं, फसला आपला बेत. मग त्याने हळूच विचारलं, "आई, तू काय म्हणत होतीस?"

"बाबा गेले त्या दिवशीचं," त्या म्हणाल्या. "तू आलास, दिवस करून गेलास. त्या सकाळचं तू काहीच विचारलं नाहीस."

"सांग ना."

"उठले, दाढी केली. मग म्हणाले, तिकडे आता किती वाजले असतील? फोन लावू का त्याला? मीच म्हटलं, नको, ऑफिसात असेल, उगाच त्रास कशाला."

माझ्या हातातला पेपर खाली आला.

"ऑफिसातच होतो," नवरा म्हणाला. "कॉफी पीत बसलो होतो गं." आणि तो आईच्या मांडीत डोकं घालून मोठ्याने रडला.