अण्णा कदमांच्या नावावरचा बोकड

अण्णा कदम शिकारीची गोष्ट सांगायला लागले की हातात जे असेल त्याची बंदूक व्हायची. जेवताना डाव, ऑफिसात गुंडाळलेलं ड्रॉइंग आणि आमच्या बहरीनमधल्या तुबलीच्या वर्कशॉपमध्ये तर एकदा तांब्याचा पाइप. एक डोळा मिटून त्यांनी तो पाइप खांद्याला लावला आणि नेमका त्याच वेळी दारातून आत येणारा डिलिव्हरीवाला हातातलं खोकं टाकून पळाला. जनावर किती मोठं, हे ऐकणाऱ्याच्या हुद्द्यावर ठरायचं. हेल्परला रानडुक्कर मिळायचं, सुपरवायझरला बिबट्या, आणि मॅनेजरच्या वरचा कुणी बसलेला असला तर पट्टेरी वाघाशिवाय भागायचं नाही.

"जनावर आधी मनात मारायचं, गौतम. रानातनं नुसतं उचलून आणायचं," हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं होतं, "सवय आहे आपल्याला." हे ते कशालाही म्हणत. ऑगस्टच्या भर दुपारी एसीच्या युनिटसाठी गच्चीवर चढायचं असो, नाहीतर हूऱ्याच्या गल्ल्यांत गाडीला जागा शोधत फिरायचं असो, कपाळावरचा घाम पुसत अण्णा म्हणायचे, "सवय आहे आपल्याला. पाटणच्या रानात काय कमी चाललोय?"

पाटण म्हणजे सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या रानात वडिलांबरोबर अण्णांनी म्हणे मोजता येणार नाहीत इतकी जनावरं लोळवली होती. मी अकोल्याचा माणूस, कंपनीत व्हिसा आणि कागदपत्रं बघणारा, त्यामुळे अण्णांची जन्मतारीख मला तोंडपाठ होती. देशात शिकारीवर बंदी आली तेव्हा अण्णा फार तर पहिलीत असणार. पण मी कधी बोललो नाही. परदेशात संध्याकाळ काढायची तर माणसाला काहीतरी लागतं आणि अण्णांच्या थापांना मीठमसाला बेताचा असायचा.

त्यांच्या घरी या गोष्टींना एकच श्रोता कंटाळलेला होता, तो म्हणजे सुलभावहिनी. हूऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बिबट्या उडी घेण्याच्या बेतात असला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पोळ्या गार होतायत." बिबट्या तसाच हवेत राहायचा आणि अण्णा पानावर बसायचे. वहिनींच्या घरात झुरळसुद्धा मारलेलं चालायचं नाही. पाल दिसली तर कागदाच्या घडीवर घेऊन तिला जिन्यात सोडायच्या, आणि गल्लीतल्या मांजरांसाठी त्यांचं वेगळं भांडं असायचं.

आमचे मालक, सगळे त्यांना बू खालिद म्हणायचे, खरे शिकारी होते. दर वर्षी उन्हाळा उतरला की त्यांचं सगळं घर, बायको, दोन मुलगे आणि मुलगी, किर्गिझस्तानच्या डोंगरांत जायचं. तिथे परवाना काढून रानबोकड मारता येतो. मागे वळलेली कमानीसारखी शिंगं असतात त्याला, आणि तो राहतो जिथे माणसाला उभं राहणं मुश्कील तिथे. त्या वर्षी बू खालिदनी सगळ्या मीटिंगसमोर अण्णांच्या पाठीवर थाप मारली. "कदम, तुम इतना शेर मारा. अभी हमारा बकरा मारो. मैडम को भी लाओ, सब फैमिली है. यल्ला."

अण्णा म्हणाले, "क्यों नहीं साहब. आदत है अपने को."

मलाही जायचं होतं, कारण परवाने, विमानात बंदुका नेण्याचे कागद आणि कॅमेरा हे तिन्ही माझ्या गळ्यात होते. त्या संध्याकाळी अण्णांनी मला गाडीतून घरी सोडलं. नईम भागात माझ्या दाराशी गाडी थांबवली. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "गौतम, बीपीची गोळी चालते का रे एवढ्या उंचावर?"

मी म्हटलं, "अण्णा, खरं काय ते सांगून टाका त्यांना. हसतील दोन दिवस."

"आणि इतकी वर्षं ऐकवलेलं सगळं परत घेऊ? मालकासमोर? मराठी मंडळात तोंड दाखवता येईल का मला? माणसं शिकारी अण्णा म्हणून ओळखतात रे. ते काढलं तर उरतं काय माझ्यात, डक्टचे रेट लावणारा कदम." एवढं बोलून ते एकदम सावरले. "होईल. बघू. जनावर आधी मनात मारायचं." मनातल्या जनावरांचा तर त्यांच्याकडे तोटा नव्हताच.

मग त्यांनी बारा खिशांचं जाकीट घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर शिकारीचे व्हिडिओ बघायला लागले. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर माइक हातात घेऊन जाहीरही करून टाकलं, की येताना शिंगं घेऊनच येतो. म्हणजे परतीची होती नव्हती ती वाटही स्वतःच बुजवली.

डोंगरांत पोहोचल्यावर पहिल्या दिवशी नेम धरायचा सराव. बू खालिदचा दंडक होता की तंबूत राहणाऱ्या प्रत्येकाने, बाईमाणसानेसुद्धा, कागदावर एक तरी गोळी झाडायची. मुलगे झाले, मुलगी झाली, त्यांच्या आईनेही झाडली. अण्णा म्हणाले, "शोल्डर में चमक है, साहब," आणि खांदा चोळत बाजूला झाले. वहिनींना वाटलं, नवऱ्याची लाज जायला नको. त्या पुढे झाल्या, ओढणी खोचली, पोटावर पडल्या आणि कागदाच्या मधोमध भोक पाडलं. बू खालिद "माशाल्ला" म्हणून हसले. अण्णांचा खांदा चोळणारा हात थांबला.

"कराडला कॉलेजात एनसीसी होती मला," वहिनी कपडे झटकत म्हणाल्या. "कॅम्पात फायरिंग असायचं. बक्षीसही मिळालं होतं एकदा."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी बोलू दिलंत?"

पुढचे दोन दिवस मुलांचे बोकड झाले. तिसऱ्या सकाळी बू खालिद म्हणाले, "आज कदम का नंबर," आणि स्वतः कुटुंबाला घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेले. अण्णांबरोबर एक किर्गिझ वाटाड्या, ज्याला किर्गिझ आणि रशियनशिवाय तिसरी भाषा येत नव्हती, कॅमेरा घेऊन मी, आणि बीपीच्या गोळ्यांची पर्स घेऊन वहिनी. घोड्यांवरून वर चढलो, मग घोडेही थांबले तिथून रांगत. समोरच्या उतारावर चार-पाच बोकड शांतपणे चरत होते. सगळ्यांत मोठा आमच्याकडे तोंड करून उभा होता. वाटाड्याने बंदूक दगडावर टेकवून तिच्यावरची दुर्बीण जुळवून दिली आणि अण्णांना खूण केली.

अण्णा आडवे झाले. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. श्वासाने दुर्बिणीची काच धुरकटली, ती त्यांनी पुसली, पुन्हा धुरकटली. मिटायचा डोळा उघडा राहत होता आणि उघडा ठेवायचा तो मिटत होता. वाटाड्या दात-ओठ खाऊन कुजबुजत होता. बोकडांनी माना वर केल्या. आता ते निघणार हे मलासुद्धा कळलं. तेव्हा अण्णांनी मान वळवली आणि बायकोला अगदी हळू म्हणाले, "सुलभा, मला येत नाही."

"ते काय मला माहीत नाही होय," वहिनी म्हणाल्या. "सरका."

अण्णा सरकले. वहिनींनी हातमोजा दातांनी ओढून काढला. आवाज झाला, खोऱ्यात फिरून परत आला आणि बोकड जागच्या जागी गुडघ्यांवर बसला. वाटाड्या सुरी घेऊन धावला, त्यामुळे मालकांच्या हलालचाही प्रश्न मिटला.

आम्ही तिथे पोहोचेपर्यंत वहिनी बऱ्या होत्या. जनावराचे उघडे डोळे बघितले आणि त्या तिथेच दगडावर बसल्या. कितीतरी वेळ उठेचनात. अण्णा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तोंडावर मात्र आनंद मावत नव्हता. "अगं, काय नेम आहे तुझा! एवढ्या लांबून! एकच गोळी! मी सांगतो सगळ्यांना..."

"काही सांगायचं नाही." वहिनींचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "लोक हसतील तुम्हाला, म्हणून केलं मी. माझ्या हातून जीव गेलाय. हे माझं म्हणून कुणी माझ्यासमोर बोललेलं मला सोसायचं नाही. तुम्ही मारलात. माझी शपथ आहे. गौतमभाऊ, तुम्हालाही."

मग माझा कॅमेरा थंडीने बंद पडला. म्हणजे बू खालिदना मी तसं सांगितलं.

अण्णांची इच्छा अशी पूर्ण झाली. मालकांनी मिठी मारली, मंडळात पेढे वाटले गेले. काही महिन्यांनी पेंढा भरलेलं ते मुंडकं बहरीनला आलं, आणि बू खालिदनी ते ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये टांगलं. खाली पितळी पाटी, अरबीत आणि इंग्रजीत, अण्णांचं पूर्ण नाव. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "हे कदम कोण?" आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आता दिवसातून दहा वेळा यायला लागला आणि अण्णा वर्कशॉपच्या मागच्या दाराने ऑफिसात यायला लागले.

गोष्टी बंद झाल्या. बिबटेही गेले, डुकरंही गेली. नवीन हेल्परने आग्रह केला तर म्हणायचे, "जाऊ दे रे, जुन्या गोष्टी." एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर डबा उघडून बसले आणि घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "काय सांगू लेका तुला. जन्मभर नसलेलं सांगितलं, कुणी अडवलं नाही. आता एवढी खरी गोष्ट आहे, माझी बायको अशी आहे, हातमोजा दातांनी काढते आणि एका गोळीत... आणि सांगायची सोय नाही. मफी, नाहीच. पोटात दुखतं रे माझ्या." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यांना खरंच पोटात दुखत असावं असा चेहरा होता.

वहिनींनी मला एकदाच विचारलं. मी त्यांच्याकडे पासपोर्ट घ्यायला गेलो होतो. चहा ठेवत म्हणाल्या, "तुमच्यात काय म्हणतात हो, गौतमभाऊ, जीव घेतला तर?" पंचशीलातलं पहिलंच शील आहे ते. दर पौर्णिमेला मी ते म्हणतो आणि दर शुक्रवारी मटण आणतो, तेव्हा मी काय बोलणार? म्हटलं, "हेतू बघतात, वहिनी." "त्या बोकडाला काय करायचाय माझा हेतू?" त्या म्हणाल्या आणि साखर घालायला विसरल्या. मी तसाच प्यायलो.

अण्णा रिटायर झाले तेव्हा मंडळाने निरोप समारंभ केला. हॉल भरलेला. भाषणं झाली, शाल झाली. मग पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "अण्णा, बोकडाची गोष्ट!" बू खालिद पहिल्या रांगेत होते, तेही हात वर करून म्हणाले, "कदम, बोलो, बोलो." अण्णांनी माइक हातात घेतला. तिसऱ्या रांगेत वहिनी मांडीवरच्या पदराकडे बघत बसल्या होत्या. अण्णांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाला बिबट्या दिसायलाच अर्धा तास लागायचा, त्याने एवढंच सांगितलं, "मीच मारला तो. एका गोळीत." आणि जागेवर जाऊन बसले.

"थकले अण्णा," मागे कुणीतरी म्हणालं. अण्णांच्या सगळ्या थापा मी ऐकल्या होत्या, पण उभं राहून टाळ्या मी त्याच दिवशी वाजवल्या. फार माया दाटून आली होती त्यांच्याबद्दल.

पाटणला गेल्यावर अण्णा दोन वर्षंही जगले नाहीत. मला जाता आलं नाही, लीव्ह मिळाली नाही. तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. घर, पेन्शन, मुलगा कधी येतो, असं सगळं बोलून झालं. मग म्हणाल्या, "गौतमभाऊ, तुम्ही लिहिता ना मंडळाच्या अंकात? तेवढं एक लिहा. मी शपथ सोडवते तुम्हाला."

मी विचारलं, "आता कशाला वहिनी?"

"अहो, ते माझं पाप घेऊन गेले. वर कुणी विचारलं तर 'मीच मारला' म्हणून बसतील, तुम्हाला माहीत आहे त्यांचा स्वभाव. माझ्यापायी त्यांना शिक्षा नको. इथं चार लोकांना खरं कळू दे, म्हणजे तिथंही कळेल."

तिथं कोण वाचतं, मला ठाऊक नाही. माझा त्यावर विश्वासही नाही. पण वहिनींनी सांगितलंय, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. अण्णा कदमांनी उभ्या आयुष्यात एकही जीव मारला नाही. तो बोकड सुलभावहिनींनी मारला.