घसरणीची चढती रेघ

गेल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, सातपूरच्या आमच्या कारखान्यातल्या बचत गटाची फसवणूक झाली. करणारा माणूस गोड आहे, हीच अडचण. आमच्या हिशेबनीस काकांना वाईट बातमी सांगवतच नाही. कुणाचं लग्न मोडलं तरी ते "जरा पुढे ढकललंय" म्हणतात. गटाचा शेअर बाजारात गुंतवलेला फंड आपल्या सर्वोच्च आकड्यापासून किती घसरला, याचा आलेख त्यांनी एक्सेलमध्ये काढून कॅन्टीनमध्ये लावला. पण घसरणीचे आकडे उणे न लिहिता अधिक लिहिले, म्हणून रेघ वर चढली. तीही हिरवीगार. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि येत्या रविवारी आणखी पैसे घालायचं ठरवलं. मी कामगार संघटनेचा नेता, म्हणून जाब विचारला.

"नेते, जेवताना खाली जाणारी रेघ बघवते का कुणाला?" म्हणत त्यांनी मला लोणचं वाढलं. मी ते खाल्लं.

पण बंधू-भगिनींनो, पैसे भरण्याआधी काकांना कॉम्प्युटरसमोर बसवा आणि रेघ खाली येईपर्यंत उठू देऊ नका.