जीव घाबरते

पुसदला माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरातही वऱ्हाडी शब्द तोंडून गेला की आई म्हणायची, "नीट बोल." मग मी कमीच बोलायला लागले. त्या इंग्रजीवरच मला केळापूरकडच्या आरोग्य सर्वेक्षणात काम मिळालं. परदेशी डॉक्टर प्रश्न विचारायचे, मी ते मराठीत सांगायची आणि उत्तर इंग्रजी फॉर्मात भरायची. बायकांचे स्वतःचे शब्द लिहायला त्यात जागा नव्हती.

कापूस वेचणारी एक बाई सासूसोबत आली. तिशीची असेल. काय त्रास होतो, मी विचारलं.

"जीव घाबरते बाई. अर्धी ओळ वेचली का बसाच लागते."

"तिले बसाची सवयच हाय," सासू म्हणाली.

"मंग तुम्ही या ना वेचाले!"

दोघी हसल्या. मी डॉक्टरांना सांगितलं, हिला भीती वाटते. त्यांनी विचारलं, कशाची? मी तिला तेच विचारलं.

"भेव कायचं? मले नाही वाटत भेव."

मला वाटलं, लाजतेय. मी 'चिंता'वर खूण केली. तिला दीर्घ श्वास घ्यायच्या व्यायामाचा कागद मिळाला. छाती कोणी तपासली नाही. चिंतेच्या रकान्यापुढे ती तपासणी नव्हतीच.

दिवाळीनंतर दुसऱ्या फेरीला गेलो, तेव्हा सासू एकटीच दारात होती. सून वावरातच कोसळली होती. यवतमाळला नेईस्तोवर संपलं. हृदयाची झडप खराब होती, आधी आणायला हवं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

"आधीच तं सांगतलं होतं तिनं," सासू म्हणाली. "जीव घाबरते म्हंजे धाप लागते, छाती धडधड करते. तुले समजलं नाही काय? तो कागद पुढ्यात घेऊन रोज श्वास घेत बसे."

मी मान खाली घातली. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि आवाज उतरवून म्हणाली, "तुही तरी काय चूक. तुले शिकवलंच नाही कोणी."

त्या काय म्हणाल्या, सोबतच्या डॉक्टरांनी विचारलं. मी आधी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सासूचं बोलणं जसंच्या तसं देवनागरीत लिहिलं. मग त्यांना अर्थ सांगितला. माझी चूकही सांगितली.

ते मग कागदाकडे बघून हळूच म्हणाले, "मागची बाजू स्कॅन होत नाही."